गर्भापासूनचा भरवसा: देवाच्या सांभाळावर भार टाकायला कसे शिकावे

देवावर भरवसा ठेवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो ठेवायचा कसा, हे सांगणारे फार थोडे असतात. संकटात सापडलेल्या माणसाला हा उपदेश ऐकवला की त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढते, कारण जे त्याच्यापाशी आता उरलेलेच नाही तेच त्याने कुठून तरी पैदा करावे, अशी अपेक्षा त्यात असते. पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, काही स्तोत्रे या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने येतात. ती माणसाला त्याच्या आयुष्याच्या अगदी आरंभाकडे नेतात, जिथे त्याने अजून काहीच केलेले नव्हते, काही मागितलेले नव्हते, आणि तरीही त्याला कोणीतरी धरलेले होते. स्तोत्र २२ मधील ९ व १० ही वचने, स्तोत्र ७१ मधील ६ वे वचन आणि स्तोत्र १३९ मधील १३ ते १६ ही वचने यांचा धागा हाच आहे. या वचनांच्या आधाराने भरवशाचा सराव रोजच्या प्रार्थनेत कसा करता येतो, हे मी येथे लिहीत आहे. मी स्वतः कित्येक वर्षे तो करत आले आहे, आणि ज्या ठिकाणी मी अडखळले त्या ठिकाणी या लेखात अधिक वेळ थांबणार आहे.

आधी एक शब्द समजून घ्यावा

स्तोत्र २२ च्या दहाव्या वचनाचा साधा अर्थ असा की, जन्मल्यापासून मी तुझ्या स्वाधीन आहे. मूळ हिब्रूतील क्रियापद मात्र याहून बरेच खडबडीत आहे. त्याचा अर्थ ‘टाकणे’, ‘फेकणे’ असा होतो. म्हणजे स्तोत्रकर्ता म्हणतो की उदरातून बाहेर पडताच मी तुझ्यावर टाकला गेलो. हेच क्रियापद शास्त्रात भयंकर जागी येते. इब्र्यांच्या प्रत्येक नवजात मुलग्याला नदीत टाका, अशी आज्ञा मिसरचा राजा फारो करतो तेव्हा तेच आहे (निर्गम १:२२). रानात पाणी संपल्यावर घरातून घालवून दिलेली दासी हागार आपल्या मुलाला झुडपाखाली टाकते तेव्हाही तेच (उत्पत्ती २१:१५). यहेज्केलाच्या १६ व्या अध्यायात जन्माच्या दिवशी उघड्या शेतात टाकून दिलेल्या मुलीचे चित्र आहे. तिची नाळ कापलेली नाही, तिला कोणी पाण्याने धुतलेले नाही, आणि तिथेही हाच शब्द आहे.

आता स्तोत्र ५५ चे २२ वे वचन वाचावे. ‘तू आपला भार परमेश्वरावर टाक’ हे वचन अनेकांना पाठ असते. त्यातील ‘टाक’ हे क्रियापदही तेच आहे. मराठीत आपण ‘मूल टाकून दिले’ असेही म्हणतो आणि ‘भार देवावर टाकला’ असेही म्हणतो, त्यामुळे हा दुहेरी अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. ज्या माणसाला आज भार टाक असे सांगितले जाते, तो जन्माच्या क्षणी स्वतःच कोणावर तरी टाकला गेलेला होता, आणि त्याच्याखाली झेलणारे हात होते. माझ्या दृष्टीने पुढील सर्व सरावाचे मूळ एवढ्यातच आहे.

आपला आरंभ लिहून काढावा

एक कोरे पान घ्यावे आणि आपल्या जन्माविषयी जे जे ठाऊक आहे ते त्यावर लिहावे. दिवस होता की रात्र, दिवस पूर्ण भरले होते की नाही, जवळ कोण कोण होते, पहिल्यांदा कोणी उचलले, दूध कसे मिळाले, आजारपण आले होते का. ज्यांना विचारता येईल अशी माणसे हयात असतील तर त्यांना विचारावे, आणि लवकर विचारावे. कौतुकाच्या गोष्टींबरोबर काळजीच्याही विचाराव्यात, कारण सांभाळ कुठे झाला हे बहुधा काळजीच्या गोष्टींतूनच कळते.

माझा जन्म दिवस पूर्ण भरण्याआधी झाला. आईच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने आकड्यांची एक ओळ लिहिलेली मला ती गेल्यावर सापडली: १९००, १८२०, १७९०, १८१०, १८६०. ते माझे वजन होते, ग्रॅममध्ये. पहिल्या काही दिवसांत नवजात बाळाचे वजन थोडे उतरते आणि मग पुन्हा चढू लागते, हे मला नंतर कळले. त्या दिवसांत आईला ते कोणी सांगितले होते की नाही, कोण जाणे. १७९० या आकड्याखाली पेन्सिल इतकी दाबून ओढलेली आहे की कागद मागच्या बाजूला उचलला गेला आहे. १८१० खाली काहीही नाही. मी ते पान स्तोत्रसंहितेत ठेवले आहे, आणि मला प्रार्थना सुचत नाही त्या दिवशी आधी ती मागची उंचवट्याची रेघ बोटाने चाचपते.

ज्यांना आपल्या जन्माविषयी काहीच ठाऊक नाही, त्यांनीही हे पान कोरे ठेवू नये. प्रत्येक माणसाबाबत खऱ्या असलेल्या गोष्टीही पुष्कळ आहेत. गर्भधारणेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी हृदय ठोके देऊ लागते, आणि त्या वेळी आईलाही आपण गर्भवती असल्याचे अनेकदा ठाऊक नसते. जन्मापर्यंत फुफ्फुसांत हवा नसते, द्रव असतो. श्वास आईच्या रक्तातून नाळेवाटे मिळत असतो. बाहेर येताच पहिल्या श्वासांबरोबर तो द्रव शोषला जाऊ लागतो, फुफ्फुसे उघडतात, आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधील जी वाट इतके महिने उघडी होती तिची झडप मिटते. यातले काहीही आपण केलेले नाही. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचेच जरा नीट दिसते, आणि अंगावर पिताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो.

स्तोत्र १३९ हे पान समोर ठेवून वाचावे. त्यातील १५ व्या वचनात जे क्रियापद आहे ते रंगीत धाग्यांनी कशिदा काढण्याचे आहे; निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या, पडद्यावरील भरतकामासाठी तोच शब्द येतो. पुढच्याच वचनात, अजून आकार न आलेल्या गर्भासाठी जो शब्द वापरला आहे तो संपूर्ण हिब्रू शास्त्रात केवळ एकदाच येतो. ज्याला अजून कोणी पाहिलेले नाही, ज्याला नाव नाही, त्याला देवाच्या डोळ्यांनी पाहिले, असे ते वचन सांगते. पानावर लिहिलेल्या प्रत्येक ओळीच्या शेजारी ‘तू पाहिलेस’ एवढे दोन शब्द लिहावेत. हे काम एका बैठकीत संपवण्याची घाई करू नये. मला त्याला काही आठवडे लागले.

तक्रारीपासून सुरुवात करावी

स्तोत्र २२ ची मांडणी ही प्रार्थनेची शिकवणी आहे, आणि तिचा क्रम बदलू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. स्तोत्राची सुरुवात जन्माच्या आठवणीने होत नाही. ती होते ‘माझ्या देवा, तू मला का सोडलेस’ या आक्रोशाने, जो प्रभू येशूने वधस्तंभावर उच्चारला. दिवसा हाक मारतो, उत्तर नाही. रात्रीही स्वस्थता नाही. मग पूर्वजांची आठवण येते: त्यांनी तुझ्यावर भरवसा ठेवला, असे चौथ्या आणि पाचव्या वचनांत मिळून तीनदा म्हटले आहे. पण ती आठवण कवीला सावरत नाही. उलट तो म्हणतो की मी तर कीटक आहे, लोक मला पाहून डोके हलवतात. दुसऱ्यांच्या विश्वासाच्या कथा ऐकून पुष्कळदा असेच होते, आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही.

यानंतर नववे वचन येते, आणि त्यात ‘भरवसा’ हा शब्द चौथ्यांदा येतो. मात्र आता कर्ता बदललेला आहे. मी भरवसा ठेवला, असे कवी म्हणत नाही. आईच्या स्तनांशी असताना तू मला भरवसा ठेवायला लावलेस, असे म्हणतो. जे पूर्वजांना जमले ते आपल्याला आज जमत नाही हे त्याने नाकारलेले नाही. तो आणखी मागे जातो, जिथे भरवसा हा त्याचा प्रयत्न नव्हता, त्याला दिला गेलेला अनुभव होता. भुकेने रडणारे बाळ दुधाजवळ नेले की त्याची मूठ हळूहळू उघडते, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला हे वचन कळायला टीकाग्रंथ लागत नाही.

तेव्हा प्रार्थना मोठ्याने करावी, आणि ती तीन टप्प्यांनी पुढे न्यावी. प्रथम दुःख आहे तसे बोलावे. ते सौम्य करू नये, देवाला वाईट वाटेल म्हणून शब्द निवडत बसू नये. मग ‘तरीही तूच’ या शब्दांनी वळावे आणि आपल्या पानावरील एकच गोष्ट उच्चारावी. मग अकराव्या वचनाप्रमाणे मागणे करावे: माझ्यापासून दूर राहू नकोस, संकट जवळ आले आहे. एखादी प्रार्थना अशी होईल: ‘प्रभू, तीन महिने झाले, मला काम नाही आणि मी घरच्यांच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. तू ऐकतोस की नाही हे मला कळत नाही. तरीही तूच मला उदरातून बाहेर घेतलेस, मला श्वास घेता येत नव्हता तेव्हा घ्यायला लावलास. आज माझ्याजवळ राहा.’ एवढे पुरे आहे. लांबवले तर मन स्वतःलाच समजावू लागते आणि प्रार्थना मागे पडते.

भार टाकण्याची कृती

भार टाकायचा तर तो कोणता हे आधी ठरले पाहिजे. ‘माझ्या सर्व चिंता’ असे म्हणून काहीच टाकले जात नाही, असा माझा अनुभव आहे. उद्याची तपासणी, अमुक माणसाशी करायचे बोलणे, मुलाचा न आलेला फोन, असे नाव घेऊन एकच ओझे उचलावे. दोन्ही तळवे मांडीवर उघडे, वर करून ठेवावेत, ओझ्याचे नाव घ्यावे, आणि मग तळवे उलटे करावेत. शरीराने केलेली गोष्ट मनाला लवकर उमगते. ‘जसा मी जन्मताच तुझ्यावर टाकला गेलो, तसे हे आता तुझ्यावर टाकतो’ हे वाक्य त्या वेळी म्हणावे. स्तोत्र ५५ चे वचन ओझे नाहीसे होईल असे म्हणत नाही. ‘तो तुला सांभाळील’ असे म्हणते, आणि सांभाळ माणसाचा होतो.

तेच ओझे अर्ध्या तासात परत मनावर येऊन बसते. तसे झाले म्हणजे पहिली प्रार्थना खोटी होती असे समजू नये. पुन्हा तळवे उलटे करावेत. आणि भार टाकल्यावर आपल्या हातातले काम सोडू नये. ‘उदरातून बाहेर काढणारा’ हे देवाचे वर्णन सुइणीच्या कामावरून घेतलेले आहे. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी फारोची आज्ञा मोडून मुलगे जिवंत ठेवतात, आणि देवाचा सांभाळ त्यांच्या हातांतून मुलांपर्यंत पोहोचतो. डॉक्टरांकडे जाणे, औषध घेणे, मदत मागणे हे भरवशाच्या विरुद्ध आहे असे ज्यांना शिकवले गेले आहे, त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

आरंभच दुःखाचा असेल तर

येथे मला सर्वांत जपून लिहावे लागत आहे. काही माणसांच्या पानावर लिहिण्यासारखे जे आहे ते असे: आईने सोडून दिले, वडिलांनी तोंड पाहिले नाही, मुलगी झाली म्हणून घर रडले, जन्मतानाच आई गेली. अशा माणसाला ‘जन्मापासून देवाने तुला सांभाळले’ हे वाक्य ऐकवणे क्रूर ठरू शकते, आणि तरीही हे वाक्य सर्वांत जास्त त्याच्याच मालकीचे आहे, असे मला वाटते. कारण स्तोत्रातील शब्दच टाकून दिलेल्याचा आहे. हागारेचे मूल झुडपाखाली टाकलेले होते, आणि त्या गोष्टीत देवाने ऐकला तो आवाज त्या मुलाचा होता, असे उत्पत्ती २१:१७ सांगते. स्तोत्र २७ चे १० वे वचन तर आईबापांनी सोडल्याची गोष्ट थेट नाव घेऊन बोलते आणि म्हणते की तरी परमेश्वर मला जवळ घेईल.

हिब्रूत ‘गर्भाशय’ आणि ‘करुणा’ हे शब्द, रेहेम आणि रहमीम, एकाच धातूपासून आलेले आहेत. यशया ४९:१५ मध्ये देव विचारतो की आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय, आपल्या पोटच्या मुलावर करुणा करणार नाही असे होईल काय. उत्तर ‘कधीच नाही’ असे येत नाही. ‘ती विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही’ असे येते. आई विसरू शकते हे शास्त्राने मान्य केले आहे, आणि ज्याला ते स्वतःच्या जन्मापासून ठाऊक आहे त्याला येथे खोटे बोलावे लागत नाही.

अशा वाचकाने पानावर आधी झालेली हानी लिहावी. मग, तयारी असेल तेव्हाच, एक प्रश्न लिहावा: ज्या दिवशी मला टाकले, त्या दिवशी मला उचलले कोणी? उत्तर एखादी परिचारिका असेल, आजी असेल, संस्थेतील एखादी अनोळखी बाई असेल, आणि तिचे नावही कळणार नाही. आपण वाचत आहोत याचा अर्थ कोणीतरी दूध पाजले होते. त्या अनोळखी हातांसाठी देवाचे आभार मानता आले तर मानावेत. न आले तर थांबावे. संदेष्टा यिर्मया यालाच पाहावे. ‘गर्भाशयात घडण्यापूर्वीच मी तुला ओळखले’ हे वचन ज्याला मिळाले (१:५), तोच विसाव्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि आईचे उदरच आपली कबर का झाले नाही असे विचारतो. दोन्ही उद्गार शास्त्रात ठेवले गेले आहेत, आणि शाप दिला म्हणून देवाने त्याला संदेष्टेपणातून काढून टाकले नाही.

ज्यांचे बाळ गेले आहे अशांपाशी जाताना मात्र या लेखातील एकही वचन हातात घेऊन जाऊ नये. त्यांच्याजवळ बसावे, बाळाचे नाव ठेवले असेल तर ते नाव घ्यावे, स्वयंपाक करून द्यावा. जगलेल्याच्या सांभाळाचे वचन गेलेल्याच्या आईला ऐकवले तर ते तिला असे ऐकू येते की तिच्या बाळाकडे देवाने पाहिले नाही. स्तोत्र १३९ तसे म्हणत नाही, कारण त्यातला पाहिला गेलेला जीव अजून जन्मलेलाही नाही. पण हे तिने स्वतः कधी विचारले तरच सांगावे.

तान्ह्या मुलाच्या आईवडिलांसाठी

दूध पाजताना किंवा खांद्यावर घेऊन थोपटताना एकच छोटे वाक्य रोज त्याच आवाजात म्हणावे. पोटात असतानाच, पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास, बाळाला ऐकू येऊ लागते आणि जन्मानंतर आईचा आवाज ते ओळखते, त्यामुळे जन्माची वाट पाहण्याचेही कारण नाही. शब्दांचा अर्थ त्याला कळणार नाही. तो आवाज आणि धरलेले अंग एकत्र आले की पुरे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्याविषयी प्रेषित पौल लिहितो की त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता. आणि ज्या रात्री बाळ थांबतच नाही आणि आपल्यालाच रडू येते, त्या रात्री बाळाला सुरक्षित जागी निजवून दुसऱ्या कोणाला उठवावे. ती मदत मागणे हीसुद्धा त्या रात्रीची प्रार्थनाच असते.

उतारवयात

स्तोत्र ७१ हे म्हाताऱ्या माणसाचे स्तोत्र आहे. सहाव्या वचनात तो म्हणतो की उदरापासून मी तुझ्यावर टेकून आहे, आणि नवव्यात लगेच विनवतो की माझी शक्ती सरेल तेव्हा मला टाकू नकोस. शब्द पुन्हा तोच आहे, ‘टाकणे’. यशयाच्या ४६ व्या अध्यायाच्या पहिल्या चार वचनांत याचे उत्तर मिळते. तिथे बाबेलच्या बेल आणि नबो या देवांच्या मूर्ती थकलेल्या जनावरांच्या पाठीवर ओझे होऊन चाललेल्या आहेत. आणि परमेश्वर म्हणतो की मी तुम्हांला उदरापासून वागवले, केस पिकेपर्यंत मीच वागवीन. ज्यांना आता दुसऱ्याच्या हाताने उठावे-बसावे लागते त्यांनी ही चार वचने रोज सकाळी ऐकावीत, स्वतः वाचता येत नसतील तर कोणाकडून तरी वाचून घ्यावीत.

आईच्या शेवटच्या आजारात तिला पलंगावरून खुर्चीत न्यावे लागे. दोघीजणी चादरीच्या कडा धरून तिला उचलत, आणि ती प्रत्येक वेळी अंग ताठ करून हवेत काहीतरी पकडू पाही. त्यामुळे ती जड होई आणि तिला दुखेही. एके सकाळी मी यशयाची ती वचने वाचत असताना त्या दोघी आल्या. त्यांतली एक वाकून तिच्या कानाशी म्हणाली, ‘आजी, आम्ही धरलंय. अंग सैल सोडा.’ आईने डोळे मिटले, मान मागे टाकली, आणि तिचा हात चादरीवर उघडा पडला.